सारख्या वाढपाची पंगत

“बाई, तुमी पंक्तिप्रपंच करताय,” रंगातात्या हुबाले म्हणाला, आणि शाळेच्या आढ्यावरची पाल चुकचुकता चुकचुकता मध्येच थांबली.

पालकांची सभा चालली होती. पाचखडीत एखाद्याला चोर म्हटलं तर तो हसून सोडून द्यायचा, पण पंक्तिप्रपंचाचं नाव काढलं की धोतर सावरून उभा राहायचा. एकाच पंगतीला बसलेल्या माणसांत वाढताना डावं-उजवं करायचं, याहून मोठं पाप त्या माळावर नव्हतं. कुणा वाढप्यानं आपल्या साडूच्या पानात तुपाची धार जरा लांबवली, त्यावरून दोन घरांचं बोलणं तुटलं होतं. ते तूप वाढणारा, खाणारा आणि ज्या म्हशीचं ते होतं ती म्हैस, तिघंही केव्हाच वारली होती. अबोला मात्र धडधाकट होता.

“मी?” ओतारी बाई म्हणाल्या. “मी शिकवते, तात्या. मी कुठं वाढते?”

“शिकवनं म्हंजी वाढनंच की वो! मोट्याच्या पोराला धा गणितं, गडद्याच्या पोराला दोन. कोळेकराचं पोरगं पाढं गाऊन म्हनतंय. आन् माझ्या मथीच्या हातात काय, तर लोकर! लोकर माझ्या घरात ढीगभर हाय. त्यासाठनं शाळंत कशाला धाडू?”

बाकीचे पालक माना हलवत होते. ज्याच्या पोराला दहा गणितं होती त्याला वाटायचं, आपल्या पोराला राबवतात. ज्याच्या पोराला दोन होती त्याला वाटायचं, आपल्या पोराचं मारून खातात.

“तात्या, मथुराला वेगळं लागतं—”

“येगळं म्हंजी कमीच की, बाई.”

मी, शाळेतला दुसरा मास्तर, बोलणार होतो. पण माझी ख्याती अशी, की मी तोंड उघडलं की लोक आधीच हसायला लागत. म्हणून मी हजेरीचं पुस्तक उघडून बसलो.

पाचखडीची शाळा दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी बाईंकडे, आणि मध्ये भिंत म्हणून एक लोखंडी कपाट. माळावर वारा असा, की सकाळी फळ्यावर लिहिलेला ‘क’ दुपारपर्यंत उडून खालच्या वाडीच्या शाळेत जाऊन बसायचा. तिथले मास्तर संध्याकाळी पोरासोबत तो परत पाठवायचे. एकदा जोडाक्षर उडालं, तर त्याचा अर्धाच भाग परत आला. हे मी शिक्षणाधिकाऱ्यांनाही सांगितलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि माझी बदली करायचं रद्द केलं. असला माणूस दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालणं त्यांना बरं वाटलं नसावं.

माझी शिकवायची रीत साधी होती. सगळी पोरं एका सुरात पाढे म्हणणार, मी एका तालात छडी टेबलावर आपटणार. येईल त्याला येईल. ओतारी बाई आल्या आणि कपाटापलीकडून भलतेच आवाज यायला लागले. कुठं खडे मोजले जातायत, कुठं एकजण भजनाच्या चालीवर तेराचा पाढा म्हणतोय, तर कुठं पूर्ण शांतता.

“बाई,” मी एकदा म्हणालो, “ही शाळा आहे का शिंप्याचं दुकान? प्रत्येकाचं माप वेगळं!”

“गुरुजी, तुम्ही थापा मारता त्या सगळ्यांना एकच मारता का?”

“छे! पहिलीतल्या पोरांना भूत सांगतो ते मांजराएवढं. दुसरीतल्यांना रेड्याएवढं. गावच्या पारावर सांगतो त्याला तर बायको-मुलं असतात.”

“का?”

“ज्याला जेवढं पचेल तेवढंच.”

“मग?” बाई म्हणाल्या आणि कपाटापलीकडे निघून गेल्या.

मथुरा ही तात्याची मधली मुलगी. चौथीत होती. बापाच्या कळपातलं प्रत्येक मेंढरू तोंडावरून ओळखायची, कुठलं कुणाचं लेकरू हेही सांगायची. पण पाटीवरचं अक्षर तिच्या डोळ्यांपुढं थांबायचं नाही. ‘ब’ पाहिला की म्हणायची, “ह्ये हलतंय, बाई.” माझ्याकडे दोन वर्षं होती तेव्हा सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून तिनं ती काढली. आवाज खणखणीत, त्यामुळे मला कळलंसुद्धा नाही.

बाईंनी काय केलं, तर फळीच्या तुकड्यांवर खळीनं लोकरीचा दोरा चिकटवून अक्षरं केली. जाड, खरबरीत, काळ्या लोकरीची. मथुरानं डोळे मिटायचे आणि बोट फिरवायचं. बोटाखाली अक्षर हलत नव्हतं. महिनाभरात ती डोळे मिटून शब्द वाचायला लागली. एकदा कपाटाच्या फटीतून मी पाहिलं. तिनं ‘वारा’ वाचला, डोळे उघडले, समोरच्या फळ्यावर बाईंनी खडूनं तोच शब्द लिहून ठेवला होता तिकडे पाहिलं आणि ओरडली, “बाई, ह्यो त्योच हाय की! ह्यो आता उभा ऱ्हायला!”

बाईंनी फळ्याकडे तोंड केलं.

म्हणजे लोकरीवरून खडूवर यायला सुरुवात झाली होती, एवढंच. अजून बरीच अक्षरं हलतच होती. आणि वर्ष संपायच्या आत तिला वाचता यायला हवं होतं, कारण तात्याचं बोलणं ठरलेलं होतं: “चौथीला घडाघडा वाचलं तर खालच्या वाडीच्या शाळंत घालतो. न्हाईतर मेंढरं हायतच.” तात्या शब्दाचा पक्का होता; दोन्ही बाजूंनी.

त्या पालकसभेनंतर बाईंनी मला थांबवलं.

“गुरुजी, भंडाऱ्याला पहिलं वाढप तुम्ही करता ना?”

“करतो. गावची रीत आहे.”

रीत अशी, की मारुतीच्या भंडाऱ्याला पहिली पळी शाळेच्या मास्तरानं वाढायची. मास्तर परगावचा, त्याची ना भावकी, ना सोयरीक. म्हणजे त्याचा हात सरळ चालणार. आणि दुसरी रीत, पानात पडलेलं टाकायचं नाही आणि पंगत उठेपर्यंत कुणी उठायचं नाही.

“यंदा माझ्याकडे द्या,” बाई म्हणाल्या.

“बाई, सहाशे पानं असतात. हात गळून पडेल. माझा एकदा पडला होता. खिरीच्या काहिलीत शोधत बसलो.”

त्या हसल्या नाहीत. “द्याल ना?”

दिलं.

भंडाऱ्याच्या दिवशी देवळापुढच्या माळावर रांगा बसल्या. गव्हाची खीर, आमटी, बाजरीची कडक भाकरी आणि मिरचीचा ठेचा. बाईंनी पदर खोचला, पळी घेतली आणि सुरुवात केली. मागून आम्ही दोघं-तिघं भाकरीच्या पाट्या आणि ठेच्याचं घमेलं घेऊन.

पहिल्याच पानावर रखमाक्का बसली होती, मांडीवर सात-आठ महिन्यांची नात. बाईंनी रखमाक्काला वाढलं आणि मग मांडीवरच्या पोरीसाठी वेगळं पान मांडलं. एक पळी खीर, एक अख्खी कडक भाकरी, एक गोळा ठेचा.

“बाई, ही लेकरू हाय! हिला ठेचा?”

“पंगतीत भेदभाव नको, अक्का. सगळ्यांना एकसारखं.”

पुढं धोंडीबाबा. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, तोंडात दाताचं नाव नाही. दर भंडाऱ्याला मी त्याला खीरच जास्त वाढायचो आणि भाकरी आमटीत भिजवून द्यायचो. बाईंनी एक पळी खीर घातली आणि भाकरी ठेवली. ठेवताना टण्ण असा आवाज आला. धोंडीबाबानं ती उचलून कानाशी नेली, मग दगडावर आपटली.

“बाई, ही भाकरी हाय का कौल?”

“भाकरी, बाबा. सगळ्यांना हीच आहे.”

“मग माजं दात बी वाढा की!”

रांग हसायला लागली. हसू पुढं पुढं सरकत गेलं, कारण बाईही पुढं सरकत होत्या. साखरेचा आजार असलेल्या पोस्टमनच्या पानात खीर. कालच बाळंत झालेल्या सुनेसाठी नेणाऱ्याच्या ताटात ठेचा. आणि मग तात्या. रंगातात्या म्हणजे उभा आडवा माणूस. दर वर्षी तो खीर पळीनं नाही, बादलीनं प्यायचा. एका वर्षी त्यानं काहिलीच तोंडाला लावली आणि आत अडकलेला आचारी आम्ही पाय धरून बाहेर काढला, असं मी पुढं सांगत असे. बाईंनी त्याच्या पानात एक पळी घातली.

तात्यानं ती एका घोटात संपवली आणि पान पुढं केलं.

“झालं,” बाई म्हणाल्या.

“झालं म्हंजी?”

“रखमाक्काच्या नातीला एक, तुम्हाला एक. तिला जास्त नाही, तुम्हाला कमी नाही.”

“आवो, पर मला एका पळीत काय हुतंय?”

“आणि तिला ठेच्याचं काय होतंय?”

आता अख्खा माळ हसत होता. बायका पदर तोंडाला लावून, बापये मांड्या थोपटून. रखमाक्काच्या नातीनं ठेच्यात बोट बुडवून डोळ्याला लावलं होतं आणि तिचं रडणं सगळ्याच्या वर चाललं होतं. धोंडीबाबा भाकरी हातात धरून उठला. पंगतीतून उठायचं नाही हे विसरून उठला.

“रंगा! आता कळलं का रं, बाई काय म्हनतीया ती? समद्यांला सारखं वाढलं, तर निम्मं गाव उपाशी ऱ्हातंय आन् निम्मं रडतंय!”

मला वाटलं, जिंकलो. शाळेतला तो लोखंडी कपाटाचा आडोसासुद्धा त्या क्षणी हसत असेल, असं मला वाटलं. तात्याच्या कपाळावर आठी पडली होती. तो वाईट माणूस नव्हता. गोष्ट डोक्यात शिरायला त्याला वेळ लागायचा, पण शिरली की पक्की बसायची. तो धोंडीबाबाकडं पाहत राहिला. मग मोकळा झाल्यासारखा, गावाला ऐकू जाईल अशा त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला:

“म्हंजी असं हाय व्हय! माझी मथी धोंडीबासारखी. बिनदाताची. तिला भिजवून द्यावं लागतंय!”

“अगदी बरोबर, तात्या,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाजही तेव्हा चढलेला होता. इतका वेळ सहाशे माणसांत त्यांना मोठ्यानंच बोलावं लागत होतं.

पोरांच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “बोळकी मथी!”

आणि माळ पुन्हा उसळला.

मथुरा त्या रांगेत मध्येच बसली होती. ती हसत होती. धोंडीबाबानं भाकरी आपटली तेव्हापासून हसत होती, सगळ्यांसारखी, तोंड उघडं टाकून. चांगले पांढरेशुभ्र, भरलेले दात. ते हसू तसंच असताना तिला कळलं, लोक कुणाला हसतायत. तिनं तोंड मिटलं.

मी पाहिलं. बाईंनी पाहिलं नाही. त्या तात्याच्या पानात दुसरी पळी घालत होत्या.

“चुकलं माझं, बाई,” तात्या सगळ्यांदेखत म्हणाला. “उद्यापासनं खुशाल द्या तिला लोकर.”

दुसऱ्या दिवशी मथुरा पाटी घेऊन आली आणि मोट्याच्या पोराशेजारी बसली. बाईंनी लोकरीची फळी तिच्यापुढं ठेवली. तिनं ती बाजूला सारली.

“का गं?”

“मला समद्यांसारखं वाढा, बाई.”

“अगं, तात्यांनाही पटलंय आता. सगळ्या गावाला पटलंय.”

मथुरानं पाटी पुढं ओढली. गावाला पटलं होतं म्हणूनच ती फळी तिला नको होती, हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं की नाही, मला सांगता येणार नाही. मला तरी आलं नव्हतं.

बाईंनी खूप करून पाहिलं. शाळा सुटल्यावर थांबवून पाहिलं; मथुरा मेंढरांचं निमित्त सांगून पळायची. मग त्यांनी एक दिवस सगळ्या वर्गालाच लोकरीच्या फळ्या वाटल्या, म्हणजे तिला एकटीला वाटायला नको. पोरांना गंमत वाटली. सगळी डोळे मिटून बोटं फिरवायला लागली. मथुरानंही हळूच बोट ठेवलं. तेवढ्यात मोट्याचं पोरगं म्हणालं, “आज आपुन समदीच बोळकी!”

तिचं बोट वर आलं ते परत खाली गेलं नाही.

परीक्षा झाली तशी तात्या स्वतः शाळेत आला. फेटा बांधून आला होता. मथुराला त्यानं फळ्यापुढं उभी केली. फळ्यावर बाईंनी दोन सोप्या ओळी लिहिल्या होत्या. अगदी सोप्या, त्यात ‘वारा’ही घातला होता.

“वाच, पोरी.”

मी कपाटाला टेकून उभा होतो, तिथून मला तिची एक बाजू दिसत होती. तिचा उजवा हात परकराच्या घोळात होता आणि बोट मांडीवर फिरत होतं. ‘व’चा गोल. उभी रेघ. काना. ती अक्षर फळ्यावरून उचलून मांडीवर उतरवत होती. डोळ्यांना थांबत नव्हतं ते बोटाखाली थांबवत होती. ओठ हलले. “वा...”

मागून कुणीतरी खुदकन हसलं. कशाला हसलं देव जाणे. कदाचित तिला नसेलही. मथुरानं मूठ वळली.

“येत न्हाई,” ती म्हणाली.

“येतंय, मथुरा,” बाई म्हणाल्या. “येतंय तुला. डोळे मीट हवे तर.”

“न्हाई येत.”

तात्या रागावला नाही. रागावला असता तर बाईंना भांडता आलं असतं. त्यानं नुसतं “बरं” म्हटलं, पोरीची पाटी काखेत मारली आणि दारात वळून बाईंना नमस्कार केला. “तुमी लई केलं, बाई. तिचंच नशीब.” माळावर वारा होता. बाप पुढं, पोरगी मागं, अशी दोघं कळपाकडं चालत गेली.

त्या उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. एस.टी.ची वाट बघत आम्ही फाट्यावर उभे होतो. ट्रंकेवर बसून त्यांनी मला विचारलं, “गुरुजी, माझं चुकलं कुठं? मी जे सांगत होते ते खोटं नव्हतं. तात्यांना पटलं. गावाला पटलं. मग?”

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला थाप तयार असे. त्या दिवशी मी वळून रस्त्याकडं बघायला लागलो. एस.टी. आली, त्या गेल्या. पुढं एक-दोनदा त्यांची ख्यालीखुशाली कानावर आली. मग त्या वारल्याचंच कळलं.

मी मात्र ती पंगत पुढं खूप ठिकाणी वाढली. धोंडीबाबाची भाकरी माझ्या तोंडी वाढत वाढत जात्याच्या तळीएवढी झाली. ती आपटून आपटून त्यानं देवळाची पायरी फोडली. ऐकणारे पोट धरून हसायचे. मी गोष्ट नेहमी त्याच्या “मग माजं दात बी वाढा की”वर संपवायचो. त्याच्यापुढं जायचो नाही.

परवा, म्हणजे गेल्या लग्नसराईत, पाचखडीला गेलो. मोट्याच्या त्याच पोराच्या पोराचं लग्न. आता मीही बोळका. माझी कवळी एका माकडानं पळवली. ते माकड हल्ली ती लावून उसाच्या फडात बसतं, असं ऐकतो.

मांडवामागं स्वयंपाक चालला होता. तिथं मला मथुरा दिसली. अंगानं बापावर गेलेली, केस पांढरे, कमरेला पदर खोचलेला. सगळ्या वाढपाची व्यवस्था तिच्याकडे होती. ओट्यावर डबे मांडले होते आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत साखर, मीठ, सोडा असं लिहिलेलं होतं. ती एकेक झाकण उघडत होती, चिमूटभर जिभेवर ठेवत होती आणि मग डबा पुढं देत होती.

मी तिथून गुपचूप सरकलो आणि पंगतीत जाऊन बसलो.

शेजारी तरणी पोरं होती. “गुरुजी, ती गोष्ट सांगा की! धोंडीबाची! भाकरीची!”

“नको रे.”

“आवो, ह्या पावण्यानं ऐकली न्हाई. सांगा!”

पानं वाढली जात होती. पुरी, जिलेबी, मसालेभात, आणि तिकडच्या मानाची ती कडक भाकरी. पोरं सोडेनात. मी घसा साफ केला. “एकदा काय झालं—” असं म्हणालो, आणि वर पाहिलं तर समोर मथुरा, हातात ताट.

पोरं वाट बघत होती. तीही बघत होती, पण माझ्या तोंडाकडं. कवळी नसलेल्या तोंडाकडं.

तिनं पुढच्या माणसाला जिलेबी वाढायला पोराला पाठवलं आणि स्वतः मागं गेली. जरा वेळानं परत आली तेव्हा पंगतीकडं तिची पाठ होती. वाकून तिनं माझ्या पानात एक वाटी ठेवली. वर अखंड टम्म फुगलेली पुरी. सगळ्यांच्या पानात होती तशीच. मी पुरी उचलली. खाली दुधात कुस्करलेली भाकरी होती, मऊ, तूप घातलेली. तिनं पटकन माझा हात दाबला आणि पुरी परत वाटीवर ठेवायला लावली.

“मथुरे,” माझा आवाज मलाच मोठा वाटला. “अगं, आज बाई असत्या तर—”

“हळू, गुरुजी,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “पंगत ऐकतीया.”